फोटो खुल्या लायसन्सखाली टाकताय? या चुका टाळा

कोल्हापुरात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्याला विषयांची ददात नाही. पहाटेचा पंचगंगा घाट, जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल, खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात वरच्या गोल झरोक्यातून उतरणारं ऊन. फोटो निघतात, चार लोकांनी बघावेत, वापरावेत असंही वाटतं. मग अपलोड करताना एक चौकट समोर येते, 'लायसन्स निवडा', आणि आपण हाताला लागेल ते दाबून मोकळे होतो. मीही तसाच मोकळा झालो होतो.

तालमीतला फोटो होता. हौद्यातली लाल माती अंगाला लागलेला एक तरुण पैलवान, शड्डू ठोकतानाचा क्षण, मांडीवरून उडालेली माती हवेत. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) तयार खुल्या लायसन्सपैकी 'सीसी बाय' लावून टाकून दिला. म्हणजे नाव द्या आणि हवं ते करा, धंद्यासाठी वापरलात तरी हरकत नाही. वर्षभरानं तोच फोटो ताकदीच्या पावडरीच्या जाहिरातीत दिसला. कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव, लायसन्सचं नाव, लिंक. सगळं नियमाप्रमाणं. तालमीत गेलो तर वस्ताद म्हणाले, "पोरगं थंडाईवर वाढलंय, आन् तुमी त्याच्या हातात डबा दिलासा व्हय?"

माझी चूक तिथं होती. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स फक्त माझ्या कॉपीराइटपुरतं बोलतं. चेहरा पैलवानाचा होता आणि त्याला मी विचारलंच नव्हतं. ओळखू येणारा माणूस फोटोत असेल तर लेखी होकार घ्या. 'नेटवर टाकू का?' एवढं विचारणं पुरेसं नाही. 'कुणीही, कुठंही, जाहिरातीतसुद्धा वापरू शकेल, चालेल का?' असं विचारा. बरेच जण तिथंच नको म्हणतात. लहान मुलांचे फोटो मी या भानगडीत घालतच नाही.

घाईघाईनं घरी येऊन मी सेटिंगमध्ये 'सर्व हक्क राखीव' केलं. उपयोग शून्य. ही लायसन्स मागे घेता येत नाहीत. पुढं नव्यानं देणं थांबवता येतं, पण ज्यानं आधीच्या अटीवर फोटो घेतला त्याचा हक्क शाबूत राहतो. एक गोष्ट मात्र हातात होती. २०१३ साली आलेल्या ४.० आवृत्तीत छायाचित्रकार 'माझं नाव काढा' असं सांगू शकतो आणि शक्य असेल तिथं ते समोरच्याला काढावं लागतं. तेवढं करून घेतलं. डबा तसाच राहिला.

फ्लेक्सची परीक्षा

आता लायसन्स निवडण्याआधी मी एकच कल्पना करतो. आपला रंकाळ्याचा सूर्यास्त चौकातल्या फ्लेक्सवर आहे, त्यावर कुणा भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो चिकटवलाय, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा. पोटात कालवतंय का?

कालवत असेल तर बहुतेक जण 'एनसी' म्हणजे विनाव्यावसायिक लायसन्स उचलतात आणि निर्धास्त होतात. इथंच फसगत होते. वापर मुख्यतः कमाईसाठी आहे का, एवढंच एनसी बघतं. वापरणारा कोण, हे बघत नाही. शुभेच्छांच्या फ्लेक्समधून कोण कमावतंय, यावर वाद घालत बसाल. तो फोटो कापून, चेहरा चिकटवून लावणं रोखायचं असेल तर 'एनडी' हवं, म्हणजे बदल करून प्रसिद्ध करायला मनाई. उलट, किंमत लावलेल्या दिवाळी अंकानं तुमच्या नावासह फोटो छापलेला तुम्हाला आवडला असता, तर तिथं एनसी आडवं येतं.

आणि एनसी किंवा एनडी लावलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला फोटो पुरवणाऱ्या खुल्या साठ्यात, चालत नाही. मराठी विकिपीडियावरच्या खिद्रापूरच्या लेखात आपला फोटो असावा असं वाटणाऱ्याला 'सीसी बाय', 'सीसी बाय-एसए' किंवा सगळेच हक्क सोडणारं 'सीसी झीरो', यांतलंच काहीतरी निवडावं लागतं. माझा कल बाय-एसएकडे. फोटोत बदल करून पुढं देणाऱ्याला तेच लायसन्स लावावं लागतं, त्यामुळं जाहिरातवाले जरा बिचकतात. मात्र फोटो जसाच्या तसा कॅलेंडरवर छापला तर अख्खं कॅलेंडर खुलं होईल, ही अपेक्षा ठेवू नका.

सगळा संग्रह एकाच लायसन्सखाली टाकायची सक्ती कुणी केलेली नाही. देवळं, गड, घाट यांचे निवडक फोटो खुले करा, बाकीचे ठेवा स्वतःकडे. छोटी साइझ खुली आणि मोठी विकायला, ही युक्ती मात्र भरवशाची नाही. दोन्ही एकच कलाकृती ठरू शकते, मग लायसन्स मोठ्या फाइललाही लागू होतं.

फोटो तुमचा आहे का?

स्टुडिओवाल्यांना हे कडू लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणजे न्यू पॅलेसवरचं प्री-वेडिंग शूट कितीही झकास झालं असलं तरी त्याला लायसन्स लावायचा हक्क तुमचा नाही. कोटेशन देतानाच कॉपीराइट कुणाकडे राहील, याची एक ओळ घाला. स्टुडिओत पगारावर असाल तर साधारणपणे फोटोचा मालक म्हणजे तुमचा स्टुडिओमालक.

आजोबांच्या निगेटिव्हच्या पेट्या घरात आहेत म्हणून हक्क तुमच्या एकट्याचा होत नाही. बाकीच्या वारसांना विचारा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइटही छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं चालतो. चौकातल्या पुतळ्याचा फोटो बिनधास्त काढा, सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पाला कायद्यात सवलत आहे. भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्राला ती नाही.

अडलं तर

नुसतं 'सीसी' लिहिणं म्हणजे खानावळीत नुसतं 'रस्सा द्या' म्हणण्यासारखं. तांबडा की पांढरा? लायसन्स सहा प्रकारची आहेत, म्हणून पूर्ण नाव आणि आवृत्ती लिहा: 'सीसी बाय-एसए ४.०'. सोबत फोटोचं शीर्षक, तुमचं नाव आणि मूळ पानाची लिंक अशी तयार ओळ फोटोखालीच ठेवा. फाइलच्या आत भरलेली माहिती व्हॉट्सॲपवरून फिरताना गळून पडते.

नाव न देता कुणी वापरलाच तर आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मग साधा निरोप पाठवा. अट मोडली की त्याचा परवाना संपतो, पण चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर ४.० मध्ये तो आपोआप परत मिळतो. तुमच्या पहिल्या निरोपात ही मुदत लिहिली की उत्तर लवकर येतं, असा माझा अनुभव.

विकिमीडिया कॉमन्सवर टाकलेल्या फोटोला 'हटवा'ची पाटी लागली तर चिडू नका. बहुधा तोच फोटो आधी तुमच्या इन्स्टाग्रामवर आहे आणि तिथं लायसन्सचा पत्ता नाही, त्यामुळं स्वयंसेवकांना तो चोरीचा वाटतो. मूळ पोस्टखाली लायसन्सची ओळ टाका किंवा त्यांच्या परवानगी विभागाला ईमेल करा, आणि पाठवताना फाइलची लिंक विसरू नका.