जुना ‘श्यामची आई’ घरी नीट बघायचा तर

दापोलीकडच्या आमच्या घरी दर पावसाळ्यात एक तरी जुना सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा असं ठरलेलंय, आणि गेल्या वर्षी आजीने अत्र्यांचा ‘श्यामची आई’ मागितला. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे आजीला तो घरातलाच वाटतो. मी दोनदा चुकीची कॉपी लावली आणि तिचा हिरमोड झाला, म्हणून तिसऱ्या वेळी जे जमलं ते लिहितेय, जुन्या काळातल्या कुठल्याही सिनेमाला हेच लागू पडेल.

पहिलं म्हणजे नुसतं नाव टाकून शोधू नका, सोबत 1953 टाका आणि आचार्य अत्रे टाका. 2023 साली याच नावाचा दुसरा सिनेमा आलाय आणि तो पण ब्लॅक अँड व्हाईट आहे, त्यामुळे नुसता फोटो बघून कळत नाही. सुरुवातीच्या पाट्या बघा, वनमाला आणि माधव वझे ही नावं आली की तोच, 1954 साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं तो. आपल्याकडे सिनेमावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, म्हणून इतके जुने सिनेमे यूट्यूबवर एकाच नावाने चार-पाच ठिकाणी सापडतात, आणि खरी मेहनत त्यातला कुठला घ्यायचा इथेच आहे.

माझं स्पष्ट मत, चित्र किती चकचकीत आहे ते नंतर बघा, आधी सिनेमा पूर्ण आहे का बघा. 1080 लिहिलेलं असतं पण मूळ कॉपी बऱ्याचदा व्हीसीडीवरची, आणि व्हीसीडीत उभ्या फक्त 288 ओळी असतात, तेच ताणून मोठं केलेलं. अशा कॉपीला 480 वर लावलं तरी काही बिघडत नाही, डेटा मात्र खूप वाचतो. पूर्ण आहे का ते ओळखायला सुरुवातीचं सेन्सॉरचं सर्टिफिकेट थांबवून वाचा, त्यावर रिळं किती आणि लांबी किती ते असतं. 35 एमएमची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, मीटरमध्ये असेल तर साधारण 27.4 ने भागा. समजा 13,500 फूट लिहिलंय तर 150 मिनिटं व्हायला हवीत. आता तुमच्या कॉपीत 144 भरली तर घाबरू नका, फिल्म सेकंदाला 24 चित्रांनी चालते आणि आपल्याकडच्या टीव्हीसाठी ती 25 ने पळवायचे, त्यात एवढी मिनिटं कमी होतात आणि गाण्यांचा सूरही किंचित चढतो. पण 120च भरली तर काहीतरी कापलंय, सोडून द्या ती. आमच्या पहिल्या कॉपीत ‘छडी लागे छमछम’ अर्ध्यातच तुटलं आणि आजी म्हणाली बंद कर गो.

कोणाकडे जुनी व्हीसीडी किंवा डीव्हीडी असेल तर जरूर मागून आणा. आपल्या दमट खाऱ्या हवेत त्यांना बुरशी येते, मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही.

नेटचं म्हणाल तर आमच्याकडे जुलैत रेंज फक्त विहिरीपाशी येते, तीही पाऊस थांबला तर, म्हणून ऐनवेळी लावू म्हणून बसू नका, आदल्या रात्रीच अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवा. तो डाउनलोड अ‍ॅपच्या आतच राहतो, पेनड्राइव्हवर जात नाही, म्हणजे फोनच टीव्हीला जोडावा लागतो. टाइप-सी ते एचडीएमआय वायर सगळ्या फोनना चालत नाही हे मला पैसे घालवून कळलं, विकत घेण्याआधी तुमच्या फोनमधून चित्र बाहेर जातं का ते विचारा. नाहीतर स्क्रीन मिररिंग करा, फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात त्यामुळे नेट नसलं तरी चालतं, फोन तेवढा चार्जिंगला ठेवा.

मग टीव्हीची सेटिंग, हे कोणी करत नाही आणि सगळी मजा इथेच जाते. जुना सिनेमा जवळपास चौकोनी असतो, पिक्चर साइज 4:3 ठेवा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की समजा बरोबर आहे. ताणून पडदाभर केलात तर वनमालाबाईंचा चेहरा आडवा पसरतो, नका हो करू असं. मूव्ही मोड लावा, शार्पनेस अगदी कमी, आणि मोशन स्मूदिंग की काय ते बंद, नाहीतर माणसं सिरियलमधल्यासारखी घसरत चालतात. आवाज एकाच ट्रॅकचा आणि खरखरीत असतो, त्यात कौलांवर पाऊस वाजत असला की शब्द बुडतात, तर बास कमी करा आणि छोटा स्पीकर आजीच्या बाजूला ठेवा, सगळ्या खोलीत आवाज वाढवत बसू नका.

लाईट जाणारच हे धरून चाला. 32 इंची टीव्हीला साधारण 50 वॅट लागतात, घरच्या इन्व्हर्टरवर पूर्ण सिनेमा निघतो, पंखा बंद ठेवलात तर आरामात. वीज कडाडायला लागली मात्र मुकाट्याने प्लग काढा, सिनेमा कुठे पळून जात नाही.

मध्यावर एक मध्यंतर घ्या, तळलेले गरे आणि चहा. आमच्याकडे संपल्यावर आजी तिच्या आईबद्दल बोलायला लागली, मी कधी ऐकलं नव्हतं असं काय काय, साडेअकरा वाजले तरी कोणी उठेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नसेल अशीच रात्र निवडा.