पाणी भरलं, जमीन हलली : या चुका टाळा

दर पावसाळ्याआधी मी सोसायटीत त्याच गोष्टी सांगते आणि दर पावसाळ्यात त्याच चुका बघते. बहुतेकांच्या मुळाशी एकच : आहोत तिथून निघायची घाई.

"पाणी वाढायच्या आत घर गाठू"

२६ जुलै २००५ ला दुपारी मी हेच म्हणत मुंबईत कलिन्याच्या ऑफिसातून निघाले. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, भरतीमुळे मिठी नदीचं पाणी समुद्रात जाईना. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी सीएसटी रोडवर कमरेएवढ्या पाण्यात होते. शेजारच्या गाडीतला माणूस काचेचं बटण दाबत होता आणि काच हलत नव्हती. दोन पोरांनी दगडाने मागची काच फोडून त्याला ओढून काढलं. त्या दिवशी शहरात बंद गाड्यांत माणसं गुदमरून गेली. मी रात्र एका अनोळखी चाळीच्या जिन्यावर काढली. ऑफिसात थांबलेले सहकारी टेबलांवर झोपले आणि दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी पोचले.

आता मी पावसाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळ बघते. साडेचार मीटरच्या वर भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, की मुक्काम ऑफिसातच. बॅगेत चणे, पाणी, पॉवरबँक, बीपीच्या गोळ्या कायम असतात. घरी एक मेसेज जातो : "इथेच आहे, उद्या येते." तो गेला की जीव थाऱ्यावर येतो. सबवेतून शॉर्टकट मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पाणी आधी तिथेच भरतं.

पाणी ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण काढणं. कधीच नाही. मागून येणाऱ्याला ते भोक दिसत नाही.

पायाला जखम असताना पाण्यातून येऊन नुसते पाय धुणं. लेप्टोच्या (साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) गोळीसाठी डॉक्टरांकडे लगेच जा.

धक्का बसला की जिन्याकडे पळणं

मुंबईला भूकंपाचं काय, असं नवीन लोक म्हणतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का इथेही जाणवला होता. हादरे चालू असताना जिन्यात चेंगराचेंगरी होते, बाहेर पडलात तर सज्जे आणि काचा डोक्यावर येतात. टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. हलणं थांबल्यावरच गॅस बंद करून जिन्याने उतरा, लिफ्टने नाही.

आमच्याकडे जेवणाच्या टेबलाखाली काही ठेवत नाही. नातीला एकदा तिथे बसवून दाखवलं. आता ती स्वतःच मला खाली ओढते.