सेनानीची कारकीर्द अभ्यासताना : जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या निमित्ताने

संरक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंधासाठी एखाद्या सेनानीचे चरित्र निवडणारे विद्यार्थी पुष्कळ असतात आणि त्यांत महाराष्ट्रातल्या मुलामुलींचा ओढा साहजिकच माजी भूदलप्रमुख जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांच्याकडे असतो. नाव ऐकलेले असते; मुंबईकरांना ते गोरेगावच्या रस्त्यामुळे ठाऊक असते, तर पुणेकरांना त्यांच्या हत्येमुळे. चिलखती दलाच्या, म्हणजे रणगाडे चालवणाऱ्या दलाच्या, युद्धांवर काम करताना मी वैद्यांच्या कारकिर्दीचा बराच काळ मागोवा घेतला आणि पुढे हाच विषय घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या कच्च्या मसुद्यांवरूनही नजर फिरवली. त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते : सेनाधिकाऱ्याचे चरित्र त्याच्या पदकांपासून वाचायला सुरुवात करू नये. तो कोणत्या दिवशी कोणत्या पातळीवर अधिकार चालवत होता, हे आधी निश्चित करावे आणि मगच त्याच्या पराक्रमाविषयी लिहावे.

यासाठी पहिले काम अगदी कोरडे आहे. एका मोठ्या कागदावर वर्ष, हुद्दा आणि नेमणूक अशा तीन रकान्यांत कारकीर्द मांडावी. हुद्दा आणि नेमणूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नवख्या अभ्यासकाच्या सहसा ध्यानात येत नाही. वैद्यांचा जन्म 27 जानेवारी 1926 चा. 1945 मध्ये ते अधिकारी म्हणून डेक्कन हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. 1965 मध्ये ते लेफ्टनंट कर्नल होते आणि त्याच रेजिमेंटचे प्रमुख होते. 1971 मध्ये ते ब्रिगेडियर होते आणि 16 व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करत होते. पुढे लष्करी मुख्यालयात युद्धकार्यवाही संचालक, त्यानंतर पूर्व विभागाचे प्रमुख आणि 1 ऑगस्ट 1983 पासून 31 जानेवारी 1986 पर्यंत भूदलप्रमुख. या यादीला मी आणखी एक रकाना जोडायला सांगतो, आणि खरी कसोटी त्यातच लागते : या माणसाच्या वर त्या वेळी कोण होते आणि हाताखाली कोण. चिलखती रेजिमेंटमध्ये सर्वसाधारणपणे तीन स्क्वॉड्रन असतात आणि प्रत्येकात चौदा रणगाडे. ब्रिगेडमध्ये अशा एकाहून अधिक रेजिमेंट येतात. रेजिमेंटचा प्रमुख आपल्या स्क्वॉड्रन-प्रमुखांशी रणांगणावर बिनतारी यंत्रणेवरून थेट बोलत असतो, तर ब्रिगेडच्या प्रमुखाला आपला हुकूम रेजिमेंटच्या प्रमुखांमार्फतच खाली पोहोचवावा लागतो. हे अंतर ज्याला उमगले नाही, त्याच्या लेखणीतून ‘वैद्यांनी पॅटन रणगाड्यांचा धुव्वा उडवला’ यासारखी वाक्ये उतरतात, आणि परीक्षकाने पहिली रेघ मारावी ती अशाच वाक्याखाली.

1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धातला प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे. 6 सप्टेंबरला चौथी माउंटन डिव्हिजन पंजाबातल्या खेमकरण क्षेत्रात पुढे सरकली. पण तिला लवकरच माघार घेऊन असल उत्तर या गावाभोवती नव्याने मोर्चेबांधणी करावी लागली. या डिव्हिजनचे नेतृत्व मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्याकडे होते. पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन समोर होती आणि बियास नदीवरील पुलापर्यंत धडक मारून अमृतसर तोडण्याचा तिचा बेत होता. तिच्याकडे 90 मिलिमीटर तोफेचे पॅटन होते. डेक्कन हॉर्सकडे मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले शर्मन होते. समोरासमोरच्या झुंजीत शर्मनचा निभाव लागणे कठीण होते, म्हणून उभ्या उसात दबा धरून पॅटनला जवळ येऊ देण्याची आणि त्याच्या बाजूवर मारा करण्याची पद्धत अवलंबली गेली. कालव्याचे पाणी सोडून शेते चिखलमय करण्यात आली होती, त्यामुळे जडशीळ पॅटन रुतू लागले. 8 ते 10 सप्टेंबरच्या या लढाईत पाकिस्तानने गमावलेल्या रणगाड्यांचा आकडा साधारणपणे 97 असा दिला जातो आणि पकडलेले रणगाडे भिखीविंडला रांगेने उभे केल्यामुळे त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले.

इथे विद्यार्थ्याने थांबून हिशेब करायचा असतो. त्या मैदानात डेक्कन हॉर्सच्या जोडीला सेंच्युरियन रणगाड्यांची थर्ड कॅव्हलरी होती, आठव्या कॅव्हलरीचे हलके एएमएक्स होते, ब्रिगेडियर थिओगराज यांची दुसरी स्वतंत्र चिलखती ब्रिगेड होती आणि पायदळाच्या हाती जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या तोफा होत्या. त्यांपैकी एकीवर चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद होते, ज्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. थर्ड कॅव्हलरीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब यांनाही वैद्यांप्रमाणेच महावीर चक्र मिळाले. मग वैद्यांचे वेगळेपण कशात? ते शोधण्यासाठी त्यांच्या महावीर चक्राचे मानपत्र, म्हणजे पदक कशासाठी दिले हे सांगणारा मजकूर, शब्दन् शब्द वाचावे. त्यात किती रणगाडे कोणी फोडले याची फुशारकी नाही. असल उत्तर आणि चीमा येथे वरचढ शत्रूच्या वारंवार होणाऱ्या हल्ल्यांना तोंड देताना, गोळीबारातही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात त्यांनी आपले अपुरे बळ कसे जुळवले, यावर त्याचा रोख आहे. रेजिमेंट-प्रमुखाचे शौर्य ते हेच. जुन्या, तुटपुंज्या रणगाड्यांची जागा दर तासाला बदलत ठेवणे हे मला एखादा पॅटन फोडण्याइतकेच अवघड काम वाटते, फक्त त्याचे छायाचित्र निघत नाही.

पुस्तकांतून हे समजते, पण पुरते पटत नाही. म्हणून मी प्रत्येकाला अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय पाहून यायला सांगतो. चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा त्याच गावात आहे. शर्मन आणि पॅटन या दोन्हींशेजारी उभे राहून त्यांची उंची, तोफेची लांबी आणि चिलखताचा उतार डोळ्यांनी पाहिला की खेमकरणचा नकाशा वेगळा दिसू लागतो. जाताना वही न्यावी आणि दोन्ही रणगाड्यांचे ढोबळ रेखाटन स्वतः करावे. भ्रमणध्वनीवर काढलेले फोटो पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

1971 च्या युद्धाचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे आणि श्रेयवाटपाचा प्रश्न तिथे खरोखर ऐरणीवर येतो. पठाणकोटहून जम्मूकडे जाणारा रस्ता सुरक्षित ठेवण्यासाठी शकरगढच्या फुगवट्यात, म्हणजे भारताच्या बाजूला पुढे आलेल्या पाकिस्तानी मुलखात, पहिल्या कोरने (अनेक डिव्हिजनांच्या गटाने) आघाडी उघडली. 54 वी पायदळ डिव्हिजन मेजर जनरल पिंटो यांच्या नेतृत्वाखाली पुढे जात होती आणि तिच्या साथीला वैद्यांची ब्रिगेड होती. या भागातली सुरुंगक्षेत्रे अतिशय खोल होती. अभियंत्यांनी रात्रीतून त्यांत अरुंद वाट मोकळी करायची आणि पहाटेपूर्वी त्या वाटेने रणगाडे पलीकडे न्यायचे, नाहीतर पायदळाची पलीकडची तुकडी प्रतिहल्ल्यात चिरडली जायची, अशी वेळ होती. चक्रा आणि देहरा येथे आणि मग बसंतर नदीवर हेच घडले. 15 आणि 16 डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री वाट पूर्णपणे साफ होण्याची वाट न पाहता वैद्यांच्या ब्रिगेडमधल्या पूना हॉर्स या रेजिमेंटचे रणगाडे पुढे गेले. त्या रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुतसिंग यांना महावीर चक्र मिळाले आणि 16 तारखेला जरपाल येथे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी जे केले त्याबद्दल त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. वैद्यांना याच मोहिमेसाठी दुसऱ्यांदा महावीर चक्र, म्हणजे पहिल्या चक्रावर पट्टी, मिळाली.

एकाच सुरुंगवाटेचे श्रेय खेत्रपाल, हनुतसिंग आणि वैद्य यांच्यात कसे मांडायचे? माझे मत असे की, ते वाटून घेऊच नये, पातळीनुसार मांडावे. खेत्रपालांनी तोफ शांत होऊ दिली नाही, हनुतसिंगांनी अर्धवट साफ झालेल्या वाटेत रेजिमेंट घालण्याचा धोका पत्करला आणि वैद्यांनी रणगाडे त्वरेने पलीकडे नेऊन तिथली जागा रुंद करण्याची व प्रतिहल्ला परतवण्याची ब्रिगेडच्या पातळीवरची जबाबदारी पेलली. तिन्ही मानपत्रे शेजारी ठेवून वाचली की ही विभागणी आपोआप दिसते. मात्र या तिघांच्या समोरच्या बाजूने, म्हणजे पाकिस्तानच्या आठव्या चिलखती ब्रिगेडच्या प्रतिहल्ल्यांकडून पाहिल्याखेरीज ती पुरी होत नाही, हेही नोंदवायला हवे.

पदकांबद्दल एवढेच की महावीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी असते, तर वैद्यांच्या नावापुढचे परमविशिष्ट सेवा पदक असाधारण कोटीच्या विशिष्ट सेवेसाठी. ही दोन्ही एकाच ओळीत ‘शौर्यपदके’ म्हणून लिहू नयेत. दोनदा महावीर चक्र मिळवणारे भारताच्या तिन्ही दलांत मिळून सहाच जण आहेत; त्यांपैकी दोघे वायुदलातले. या सहांतले राजिंदरसिंग ‘स्पॅरो’ हेही चिलखती दलाचेच, त्यामुळे तुलनेसाठी त्यांची कारकीर्द उपयोगी पडते.

भूदलप्रमुखपदाच्या काळासाठी मात्र हत्यारे बदलावी लागतात. तिथे मानपत्रे नाहीत. वृत्तपत्रे, संसदेतली चर्चा, सहकाऱ्यांच्या आठवणी आणि सरकारी निवेदने आहेत, आणि प्रत्येकाची आपली बाजू आहे. लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून वैद्यांची नेमणूक झाली आणि सिन्हांनी राजीनामा दिला, याकडे पाठ फिरवून चालणार नाही. एप्रिल 1984 मध्ये सियाचिनवर मेघदूत मोहीम झाली आणि जूनमध्ये अमृतसरला ब्लू स्टार. दुसऱ्या मोहिमेत प्रत्यक्ष नियोजन पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सुंदरजी आणि अंमलबजावणी मेजर जनरल ब्रार यांच्याकडे होती. भूदलप्रमुख म्हणून उत्तरदायित्व वैद्यांचे होते. पातळीचा जो नियम बसंतरला लावला तोच इथेही लावावा. भक्तीपोटी त्यांचा संबंध पुसू नये, आणि मोहिमेचा सगळा तपशील त्यांच्या माथी मारूही नये.

निवृत्त जवान आणि अधिकारी यांच्याशी बोलण्याची संधी मिळाली तर ती दवडू नये. पण ‘जनरलसाहेब कसे होते’ हा प्रश्न विचारू नये, त्याचे उत्तर ‘फार मोठा माणूस’ असेच मिळते. रात्री रणगाडे कुठे एकत्र येत, इंधन आणि दारूगोळा कसा पोहोचे, वायरलेस बंद पडला तर हुकूम कोण आणि कसा पोहोचवी, असे विचारावे. जुने सैनिक अशा प्रश्नांवर खुलतात आणि बोलता बोलता प्रमुखाच्या स्वभावाविषयी हवे ते सांगून जातात. बोलताना आधी स्वतःचा अभ्यास झालेला असावा. समोरच्याला शर्मन आणि सेंच्युरियन यांतला फरक आपणच समजावून सांगायची वेळ आणू नये.

शेवटचे प्रकरण हत्येचे. निवृत्तीनंतर वैद्य पुण्यात स्थायिक झाले आणि 10 ऑगस्ट 1986 रोजी स्वतः मोटार चालवत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ब्लू स्टारचा सूड म्हणून ही हत्या करणारे खलिस्तानवादी हरजिंदरसिंग जिंदा आणि सुखदेवसिंग सुखा यांना 9 ऑक्टोबर 1992 रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. बहुतेक मसुद्यांत हे प्रकरण सर्वांत लांब असते, कारण त्याविषयीचे साहित्य सहज हाती लागते. घटनाक्रमासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 1992 चा निकाल वाचावा, त्या दिवसांतल्या पुण्याच्या मनःस्थितीसाठी मराठी वृत्तपत्रे पाहावीत आणि हे प्रकरण असल उत्तरच्या प्रकरणापेक्षा मोठे होऊ देऊ नये.