कच्छ, द्वारका आणि सोमनाथची सामूहिक यात्रा : या चुका टाळा

चाळीस माणसांची कच्छ-सौराष्ट्र यात्रा बहुधा प्रवासात बिघडत नाही. घरी बसून नकाशा आणि दिनदर्शिका समोर ठेवून कार्यक्रमपत्रिका लिहिली जाते, त्या संध्याकाळीच ती बिघडलेली असते. महाराष्ट्रातील अनेक मंडळे आता केवळ द्वारका-सोमनाथ न करता काळ्या डुंगरावरील दत्तस्थान, माता नो मढ येथील आशापुरा, नारायण सरोवर आणि कोटेश्वर ही कच्छमधील स्थाने त्याला जोडतात. त्यामुळे यात्रेचा अर्धा भाग रणातून आणि अर्धा भाग समुद्रकाठाने जातो. या दोन्ही भागांचे हवामान, अंतर आणि देवळांच्या वेळा वेगवेगळ्या आहेत. अशा यात्रांचे संयोजन करताना माझ्या हातून झालेल्या आणि इतर मंडळांकडून होताना पाहिलेल्या चुका येथे मांडत आहे.

नकाशावरील जवळीक खरी मानणे

नकाशात मांडवी आणि द्वारका कच्छच्या आखाताच्या दोन काठांवर जवळजवळ समोरासमोर दिसतात, आणि त्यामुळे दोन्ही ठिकाणे एका दिवसात सहज होतील असा समज होतो. प्रत्यक्षात बसला संपूर्ण आखाताला वळसा घालावा लागतो. भुजहून भचाऊ, सामखियाळी, सूरजबारीचा पूल, माळिया आणि जामनगर असे करीत द्वारकेला पोहोचेपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर होतात. मोटारीने हे अंतर सात-आठ तासांत कापता येते. परंतु निम्म्याहून अधिक प्रवासी साठीच्या पुढचे असलेल्या बसला चहा, प्रसाधनगृह, जेवण आणि मागे राहिलेल्या कोणाची तरी वाट पाहणे हे सर्व धरून दहा-अकरा तास लागतात. मी हिशेब करताना थांब्यांसह ताशी चाळीस किलोमीटर हाच वेग धरतो आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही दर्शन ठेवत नाही. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी जामनगरला मुक्काम करावा.

हीच चूक पश्चिम कच्छमध्ये अधिक महागात पडते. भुजहून नारायण सरोवर सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. माता नो मढ त्याच वाटेवर आहे आणि लखपतचा किल्ला थोडा आडबाजूला आहे. ही सर्व ठिकाणे पाहून रात्री भुजला परतण्याचा बेत कागदावर सुटसुटीत दिसतो, पण त्यात परतीचे दीडशे किलोमीटर अंधारात, विरळ वस्तीच्या रस्त्याने आणि थकलेल्या चालकाच्या भरवशावर पार करावे लागतात. नारायण सरोवरला धर्मशाळा आहे. तेथे आगाऊ कळवून एक रात्र काढली, तर कोरी खाडीच्या काठावरील कोटेश्वराचे दर्शन सूर्यास्ताच्या वेळी घेता येते आणि मानस, पंपा, बिंदू, पुष्कर यांच्यासह पंचसरोवरांत गणल्या जाणाऱ्या या तीर्थात सकाळी शांतपणे स्नान होते. धर्मशाळेत हॉटेलची सुखसोय नसते, ही गोष्ट मात्र निघण्यापूर्वीच्या बैठकीत स्पष्ट सांगितलेली बरी.

देवळाचे घड्याळ न पाहणे

पंढरपूरला आषाढीच्या दिवसांत चोवीस तास दर्शन चालू असते. त्या सवयीचा वारकरी द्वारकेला दुपारी दीडला पोहोचतो आणि बंद दारासमोर उभा राहतो. द्वारकाधीशाचे मंदिर दुपारी एकच्या सुमारास बंद होते आणि साधारण पाच वाजता पुन्हा उघडते. शिवाय सकाळ-संध्याकाळच्या वेळेतही स्नान, शृंगार आणि भोग यांसाठी मधूनमधून पडदा पडतो, त्यामुळे रांग अचानक थांबली म्हणून घाबरून बाहेर पडण्याचे कारण नाही. बेट द्वारकेचे मंदिरही दुपारी बंद असते. सकाळी उशिरा निघालेली मंडळी त्यामुळे दोन्ही ठिकाणची दर्शने चुकवून भर उन्हात रस्त्यावर येतात. पहाटे गोमतीस्नान, त्यानंतर छप्पन्न पायऱ्या चढून स्वर्गद्वारातून सकाळचे दर्शन, दुपारी जेवण व सक्तीची विश्रांती, आणि बेट द्वारका दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, हा क्रम मला सर्वांत निर्धोक वाटतो. सोमनाथचे मंदिर दुपारी बंद होत नाही आणि तेथील आरत्या सकाळी सात, दुपारी बारा व संध्याकाळी सात वाजता होतात. द्वारकेहून सोमनाथ सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे असल्याने सकाळच्या प्रवासानंतर संध्याकाळची आरती साधणे सोपे जाते. सणवार आणि ग्रहणाच्या दिवशी वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी मंदिराच्या कार्यालयात दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी.

जुन्या कार्यक्रमपत्रिकेची नक्कल करणे ही याच जातीची चूक आहे. ओख्याहून बोटीने बेट द्वारकेला जाण्यासाठी अनेक मंडळे आजही अर्धा दिवस राखून ठेवतात. परंतु २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू वाहतुकीस खुला झाल्यापासून बस थेट बेटावर जाते. बस उभी राहते तेथून मंदिरापर्यंत गल्ल्यांतून जावे लागते, आणि ज्येष्ठांसाठी रिक्षाची सोय पाहावी लागते.

द्वारकेजवळच्या नागेश्वराबाबत एक सूचना. बसमध्ये कोणी तरी हमखास विचारते की खरे ज्योतिर्लिंग हे की आपल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ? ‘नागेशं दारुकावने’ या वचनाचा अर्थ दोन्हीकडचे भाविक आपापल्या परीने लावतात, आणि हा वाद दारात उभे राहून मिटणारा नाही. संयोजकाने त्यात बाजू घेतली की पुढचे शंभर किलोमीटर बसमध्ये दुसरा विषय निघत नाही.

‘हिवाळा’ एवढेच पाहून तारीख ठरवणे

दिवाळीची सुट्टी ही महाराष्ट्रातील कुटुंबांना सोयीची वाटते. परंतु दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत गुजरातमधील कुटुंबेही बाहेर पडलेली असतात आणि द्वारका-सोमनाथला उभे राहायला जागा नसते. दुसरे असे की, पावसाळ्यात रणात साचलेले पाणी ओसरून मिठाचा थर वाळायला वेळ लागतो. ज्यांनी छायाचित्रांत पांढरेशुभ्र रण पाहिलेले असते, त्यांना दिवाळीच्या काळात पांढऱ्या रणाकाठच्या धोरडो गावाजवळ पाणी किंवा चिखल पाहावा लागण्याचा संभव असतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला, पण त्यातही पौर्णिमेच्या आसपास रणात गर्दी वाढते आणि निवासाचे दर चढतात. पांढऱ्या रणासाठी प्रवेशपरवाना लागतो. तो ऑनलाइन आधीच काढून ठेवावा, आणि प्रत्येकाने मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे. भ्रमणध्वनीतील छायाचित्र सीमाभागात पुरेल असे गृहीत धरू नये. कोटेश्वर परिसरात सीमा सुरक्षा दलाची ठाणी आहेत, त्यांची छायाचित्रे काढणे पूर्णपणे टाळावे.

थंडीविषयी मुंबई-पुण्याचे लोक नेहमी फसतात. नारायण सरोवराच्या वाटेवरच्या अबडासा तालुक्यातील नलिया हे हिवाळ्यात गुजरातमधील सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक म्हणून वृत्तपत्रांत वारंवार येते. दिवसा टोपी आणि पांढऱ्या मिठावरून डोळ्यांत येणारा झोत अडवायला गडद चष्मा, तर रात्री स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे अशी दुहेरी तयारी एकाच पिशवीत हवी. ही पिशवी बसच्या डिकीत न ठेवता हाताशी ठेवावी, कारण सूर्य मावळताच अर्ध्या तासात गारठा पडतो आणि तोवर सामान सर्वांत खाली गेलेले असते.

पाण्याचा हिशेब चुकवणे

रणातील कोरड्या हवेत घाम येताच वाळतो, त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याचे जाणवत नाही. त्यातच प्रसाधनगृहांची गैरसोय होईल या भीतीने अनेक महिला जाणूनबुजून पाणी पीत नाहीत. हे मी प्रत्येक यात्रेत पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, चक्कर किंवा लघवीच्या जळजळीची तक्रार पुढे येते. यावर उपदेशाचा उपयोग होत नाही. थांबे कोठे आहेत हे आधी सांगितले आणि दर दीड-दोन तासांनी बस खरोखर थांबवली, तरच माणसे पाणी पितात. कच्छमध्ये अनेक ठिकाणी भूजल खारट असल्याने भुज-नारायण सरोवर वाटेवरचे नखत्राणा सोडण्यापूर्वी वीस लिटरच्या बाटल्या भरून घ्याव्यात आणि माणशी दिवसाला तीन लिटर असा साठा धरावा. समुद्रकाठी आल्यावर परिस्थिती उलटते : तेथे दमट हवेत घाम वाहत राहतो, म्हणून क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे बसमध्ये दोन्ही भागांत पुरतील इतकी असावीत. अर्थात ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी पाणी आणि क्षार किती घ्यावेत हे आपल्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून आणावे.

माता नो मढच्या पुढे वैद्यकीय सोयी विरळ होतात, म्हणून मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे यात्रेच्या दिवसांपेक्षा चार दिवस अधिक घ्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. गुजरातमध्येही रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच क्रमांक आहे. मधुमेहींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की गुजराती डाळीत आणि भाजीत गूळ असतो. साधी खिचडी किंवा बाजरीचा रोटला मागितला तर तो बहुतेक ठिकाणी मिळतो.

सर्वांचे फोन एकाच कप्प्यात ठेवणे

सोमनाथ आणि द्वारका या दोन्ही मंदिरांत भ्रमणध्वनी आत नेता येत नाही. सोय म्हणून मंडळातील सर्वांचे फोन एका पिशवीत भरून एकच टोकन घेतले जाते, आणि येथे घोटाळा सुरू होतो. एका वर्षी आमचे सोमनाथचे टोकन ज्यांच्या खिशात होते, ते गृहस्थ आरतीनंतर ध्वनि-प्रकाश कार्यक्रमाला जाऊन बसले. बाहेर अडतीस माणसे, त्यांपैकी कोणाजवळही फोन नाही, हॉटेलचे नाव नेमके कोणाला आठवत नाही, आणि चालकाचा क्रमांक त्या पिशवीतल्या फोनमध्ये. दीड तास आम्ही केवळ उभे होतो. तेव्हापासून मी पाच-पाच जणांचे गट करतो, प्रत्येक गटाचे टोकन वेगळे घेतो, आणि संयोजक, चालक व निवासाचे ठिकाण यांचे क्रमांक लिहिलेले कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात अडकवतो. भेटण्याची जागा ‘मंदिराबाहेर’ अशी मोघम असू नये. सोमनाथला आम्ही अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली बांधलेल्या मंदिराचे प्रवेशद्वार ठरवले आहे. मुख्य मंदिराच्या जवळ असूनही तेथे गर्दी तुलनेने कमी असते, आणि महाराष्ट्रातील माणूस ते नाव विसरत नाही.

तिकिटे, निवास आणि दक्षिणा

रेल्वेच्या एका तिकिटावर सहा जणांची नावे बसतात म्हणून सहा-सहा ज्येष्ठांची एकत्र नोंदणी करणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा एकट्याने किंवा दोघांनी काढलेल्या तिकिटालाच लागू होतो. त्यात पुरुषांची वयोमर्यादा ६० आणि महिलांची ४५ आहे. म्हणून जोड्या पाडून तिकिटे काढावीत. सोमनाथ ट्रस्टच्या अतिथिगृहांची नोंदणी ट्रस्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करावी, कारण तशाच दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांवर आगाऊ रक्कम भरून लोक फसतात. द्वारकेत पूजा सांगायची असल्यास तेथील परंपरागत गुगळी ब्राह्मणांशी विधी आणि दक्षिणा आधी ठरवावी, आणि ती मंडळाच्या खर्चातून द्यायची की ज्याची त्याने, हेही आधीच ठरवावे.

‘जाताजाता गिरनार’

दत्तभक्तांच्या मंडळात हा आग्रह होतोच. जुनागढ सोमनाथच्या वाटेजवळ आहे आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रोपवे सुरू झाला आहे, हे खरे. परंतु रोपवे अंबाजीपर्यंतच जातो. तेथून गोरक्षनाथ आणि पुढे दत्तशिखरापर्यंत पायऱ्यांची मोठी चढ-उतार उरते, आणि परतताना तीच पुन्हा करावी लागते. जोराचा वारा असेल तर रोपवे बंदही राहतो. दहा दिवसांच्या प्रवासाने थकलेल्या गुडघ्यांना गिरनारवर नेणे मला मान्य नाही. त्यासाठी वेगळी यात्रा काढावी. दत्तदर्शनाची ओढ असेल तर सुमारे ४६० मीटर उंचीचा काळा डुंगर याच यात्रेत आहे. तेथे आरतीनंतर ‘लोंग, लोंग’ अशी हाक घालून कोल्ह्यांना प्रसाद ठेवला जातो. उपाशी कोल्ह्यांना दत्तात्रेयांनी ‘ले अंग’ म्हणत स्वतःचे शरीर देऊ केले, अशी त्यामागची कथा सांगतात. कोल्हे प्रत्येक वेळी येतातच असे नाही.

समुद्राला नदी समजणे

सोमनाथच्या किनाऱ्यावर लाटा आणि ओढ दोन्ही जोरकस असतात. तेथे स्नानाचा मोह टाळून हिरण, कपिला आणि सरस्वती यांच्या त्रिवेणी संगमावर घाटावरूनच स्नान करावे. द्वारकेचा गोमती घाटही भरती-ओहोटीच्या अधीन आहे, म्हणून पायऱ्यांवर बसून तांब्याने पाणी घेणे हेच ज्येष्ठांसाठी योग्य.

बेत कोलमडलाच तर

बस बिघडते, कोणी आजारी पडते, आणि तीन-चार तास हातचे जातात. अशा वेळी कोणते ठिकाण वगळायचे यावर रस्त्याच्या कडेला मतदान घेणे ही शेवटची आणि सर्वांत कटू चूक. तो क्रम निघण्यापूर्वीच लिहून सर्वांना वाचून दाखवावा. आमच्या यादीत सर्वांत आधी मांडवीचा किनारा जातो, मग लखपत, मग पांढरे रण. रुक्मिणी विदर्भातील कौंडिण्यपूरची, म्हणजे आपल्या माहेरची, म्हणून द्वारकेबाहेरचे तिचे मंदिर वगळायला आमच्या मंडळातील महिला कधीच तयार होत नाहीत, आणि ते दोनच किलोमीटरवर असल्याने तशी वेळही येत नाही. नारायण सरोवर मात्र कितीही उशीर झाला तरी वगळत नाही, कारण द्वारका-सोमनाथला माणसे पुन्हा जातात, त्या टोकाला दुसऱ्यांदा गेलेला यात्रेकरू मला अजून भेटलेला नाही.