जीव घाबरतो, मन लागत नाही: खेड्यात राहून थेरपी कशी घ्यायची

छातीत धडधड, हातपाय गार, रात्री दोनला डोळा उघडला की सकाळपर्यंत डोक्शात चक्की चालू. यवतमाळला जाऊन ईसीजी काढला, नॉर्मल. मग दुसरा डॉक्टर, मग भगत, मग अंगारा. मी याच रूटने गेलो बावा, दोन वर्षं गेली, म्हणून लिहून राहिलो. ईसीजी अन् थायरॉइड नॉर्मल आले ना, तर भगताकडे न वळता सरळ मानसिक आजाराची ओपीडी गाठा.

जिल्हा सरकारी दवाखान्यात ही ओपीडी असते, सेवाग्रामला आहे, नागपूरला एम्स अन् प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण निघायच्या आधी फोन करून विचारा की सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी बसतात, नाहीतर एसटीचं भाडं फुकट. सायकियाट्रिस्ट गोळ्या लिहितात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, थेरपी करतात. आजार जास्त असला तर दोन्ही सोबत चालतं. आजकाल आठ दिवसाचा कोर्स करून काउन्सेलर झालेले पण बोर्ड लावून बसतात, म्हणून आरसीआयचं (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) रजिस्ट्रेशन आहे का ते बिनधास्त विचारा, त्यात लाजायचं काय.

पहिल्या दिवशी एक फॉर्म देतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, झोप, भूक, थकवा, कामात मन लागतं का असं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो, तिथं बरेच जण सोबत आलेल्या माणसाकडे पाहून खोटं लिहितात. तसं करू नका, सोबतच्याला बाहेर चहा प्यायला पाठवा अन् खरं लिहा.

आता मेन गोष्ट. लोकांना वाटते थेरपी म्हणजे बसून बोलायचं अन् मोकळं व्हायचं. सीबीटीत, म्हणजे विचार अन् वागणं बदलायच्या थेरपीत, तसं नाही, तिथं होमवर्क मिळतो, अन् आराम पडतो तो जास्त त्या होमवर्कनं, नुसत्या आठवड्याच्या पाऊण तासाच्या सेशननं नाही. मला बसमध्ये भीतीचा अटॅक यायचा, म्हणून मी एसटीत बसणंच सोडलं होतं. थेरपीवाल्या मॅडमनी कागदावर शिडी काढायला लावली, सगळ्यात खाली सोपं काम, वर अवघड, अन् प्रत्येकापुढे भीतीचे शंभरपैकी मार्क. फाट्यावर बाकड्यावर दहा मिनिटं बसणं, २० मार्क. पुढच्या गावापर्यंत बसनं जाऊन पायी परत येणं, ४५. भावासोबत यवतमाळ, ७०. एकट्यानं, खिडकीपासून लांब, गर्दीत, ९५. नियम एकच की भीती वाढली म्हणून मधातच उतरायचं नाही, कारण उतरलं की डोकं शिकते की उतरलो म्हणून वाचलो. बसून राहिलं की काही होत नाही हे अंगाला कळते. तिसऱ्या दिवशी मी मधातच उतरलो होतो, खोटं कशाला बोलू, मॅडम काही रागावल्या नाही, म्हणे तीच पायरी परत करा.

उदासीचं वेगळं. मन लागल्यावर वावरात जाईन म्हणाल तर मन कधीच लागत नाही. तिथं उलटं करायला लावतात, आधी ठरलेल्या वेळी धुऱ्यापर्यंत जाऊन या, मूड मागून येईल. पोराच्या जुन्या वहीत मागच्या पानावर लिहायचं, काय केलं अन् किती बरं वाटलं. गोव्यात साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन हीच पद्धत सहा ते आठ भेटीत करून पाहिली होती अन् डिप्रेशनमध्ये फरक पडला, २०१७ मध्ये ते छापून आलं. अन् आपल्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रोग्राम चालला, त्यात डिप्रेशनवाल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. म्हणजे खेड्यात होत नाही असं काही नाही.

सीबीटीचे साधारण १२ ते २० सेशन धरा. सोयाबीन काढणीत दर आठवड्याला जाणं जमत नाही, ते आधीच सांगा, फोनवर घेता येते का विचारा. गोळ्या चालू असल्या तर बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाही, एकदम सोडल्या की चक्कर येते, त्रास परत वाढतो.

रात्री मरणाचे विचार आले तर सकाळची वाट पाहू नका. १४४१६ लावा, टेली मानस, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. अन् घरातल्याला उठवून फवारणीचं औषध घरातून हलवायला सांगा, किल्ली दुसऱ्याकडे.

शेवटच्या सेशनला एक यादी मागून घ्या, त्रास परत येताना पहिले काय होते त्याची. माझी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे: तीन रात्री झोप नाही, भावाचा फोन उचलत नाही, बस सोडून बाइक काढतो.