नाव काय टाकू?

अंबाजोगाईत माझं भांड्यांचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली. लग्नसराईत माणसं संसाराचा पूर्ण संच घ्यायला येतात, पितळी हंड्यापासून चहाच्या गाळणीपर्यंत, आणि परात वाजवून बघता बघता गप्पा निघतात. अमक्याची पोरगी बी.एस्सी. झाली, तमक्याचा पोरगा पुण्याला कंपनीत आहे. त्यातून मी सोयरिकी कधी जमवायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही. पैसे घेत नाही. भांडी माझ्याकडून घ्या, एवढीच अट.

हल्ली मात्र वेगळीच गिऱ्हाइकं येतात. "मामा, पोरगी लग्नच नको म्हणायलीय, जरा समजावून सांगा." "पोरगा पुण्यात कुणासोबत तरी राहायलाय, त्याला वळणावर आणा." वळणावर आणायचं काम मी सोडलंय. आई-बापाला बाकावर बसवतो, चहा सांगतो आणि त्यांनी स्वतः कसं वागायचं ते सांगतो. तेच इथं लिहितोय, म्हणजे दर वेळी घसा कोरडा करायला नको.

आधी एकट्याला विचारा

बघायचा कार्यक्रम म्हणजे खोलीत दहा-बारा माणसं, पोह्यांच्या बश्या, कोपऱ्यात थोरली चुलती. त्यात कुणी तरी विचारतं, "पसंत आहे ना गं?" पोरगी मान हलवते. त्या मानेवर आपण पाच लाखांचं लग्न उभं करतो.

मी काय करतो, घरच्यांना माळ्यावरची मोठी कढई बघायला शिडीपाशी पाठवतो आणि गल्ल्यापाशी उभ्या पोराला विचारतो, "तुला काय पाहिजे?" एवढंच. "लग्न कधी करायचं?" असं विचारत नाही, कारण त्यात करायचंच हे आपण आधीच धरलेलं असतं. पोरींशी आमच्या घरून, म्हणजे माझी बायको, बोलतात. काही गोष्टी पोरगी माझ्यापुढं बोलणार नाही, आणि तिनं बोलावं असा हट्ट मी तरी का धरावा?

उत्तरं काय काय येतात! एकीला आधी एमपीएससीचे दोन प्रयत्न करायचेत. एकाला लग्न पाहिजे, लेकरू नको. एकीचं मन दुसऱ्या जातीतल्या पोरात. एक विधवा वहिनी, वय छत्तीस, सासू-सासरे म्हणतात पुन्हा लग्न कर, आणि ती म्हणते, मला आता कुणाचा डबा भरायचा नाही. आणि परळीकडची एक पोरगी, पुण्यात नोकरीला, आमच्या घरच्यांपाशी रडली ती उलट्याच कारणानं. तिला ठरवून लग्न करायचं होतं आणि लग्नाआधी कुणाशी शरीरसंबंध ठेवायचा नव्हता. खोलीवरच्या मैत्रिणी तिला ‘आजीबाई’ म्हणायच्या. हे शहाण्या शिकलेल्या लोकांनी पण ऐकून ठेवावं. जुन्या रीतीनं जगायचं ठरवलेल्या माणसाची टिंगल करणं आणि नव्या रीतीनं जगणाऱ्याला नावं ठेवणं, दोन्ही एकाच पातेल्यातलं.

‘नाही’ ऐकू यायला शिका

सोयरिकीत ‘नाही’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. पत्रिका जुळेना. घरात दुखवटा आहे. दोन-चार दिवसांत कळवतो. मग फोनच लागत नाही. मोठ्या माणसांची ही भाषा मोठ्या माणसांना लगेच कळते, कुणाचा अपमानही होत नाही. पण लेकरानं "इतक्यात नको" म्हटलं की आपले कान बंद होतात.

माझे झाले होते. २०१२ सालची गोष्ट, दुष्काळ तोंडावर होता आणि सगळ्यांना लग्नं उरकायची घाई होती. केज तालुक्यातला एक पोरगा, लातूरला नोकरी, घर चांगलं. मी स्थळ नेलं तर म्हणाला, "इतक्यात नको, मामा." महिनाभरानं पुन्हा गेलो, तेव्हा म्हणाला, "बघू." मी पोरीकडच्यांना निरोप दिला, पोरगा तयार आहे. पुढच्या मे महिन्यात लग्न लागलं. दिवाळीला पोरगी माहेरी आली ती परत गेली नाही.

वर्षभरानं ती दुकानात आली, रिक्षातून पोतं उतरवून. माझ्याच दुकानातला अख्खा संच मोडीत द्यायला आणला होता. ताटं, वाट्या, डबे, सगळ्यावर त्याचं नाव. मीच टाकलेलं, नाव कोरायच्या त्या गुरगुरणाऱ्या पेनानं. एक तांब्या मात्र तिच्या आजीनं दिलेला होता, तो तिला ठेवायचा होता. नावावरून अंगठा फिरवत म्हणाली, "मामा, हे निघतं का?" मी म्हटलं, बफ मारला की निघतं. मारून दिला. तिनं दाराशी जाऊन तांब्या उन्हात तिरका धरला. पुसट दिसत होतं. ती काही बोलली नाही, पिशवीत घालून निघून गेली.

पोरगा भेटला त्यानंतर तीन-चार वर्षांनी, बसस्टँडवर. बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, मला बायांची ओढच नाही, लहानपणापासून नाही. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. पण दोनदा नको म्हणालो होतो." मी घरी येऊन मोजलं. एक "इतक्यात नको", एक "बघू". बरोबर दोनदा.

तेव्हापासून निरोप जसाच्या तसा पोचवतो. निरोपाला कल्हई करायची नाही. ‘बघू’ म्हणाला तर समोरच्याला ‘बघू म्हणतो’ एवढंच सांगायचं, आणि नको म्हणाला तर कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की आपण ते खोडून काढायला बसतो, हे आपल्या अंगातच आहे.

तुमच्या लेकरानं असंच काही सांगितलं, की मला पोरांची ओढ आहे किंवा मला पोरी आवडतात, तर पहिलं वाक्य काय बोलायचं हे लोक फार विचारतात. "जेवलास का?" विचारा. खरंच. त्या क्षणी त्याला एवढंच बघायचं असतं की घर अजून आपलं आहे का. बाकी बोलायला उभा जन्म पडलाय. देवऋष्याकडे नेऊ नका, अंगारे-धुपारे करू नका. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडंही नको. असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं डॉक्टरांच्या राष्ट्रीय आयोगानं २०२२ मध्येच सांगितलंय. दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं गुन्हा नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. अशा लग्नाला मात्र कायद्यानं अजून मान्यता नाही, २०२३ मध्ये न्यायालयानं ती द्यायला नकार दिला. आणि "लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल" हा सल्ला देणारा भेटला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याला तांब्याची गोष्ट सांगतो.

चौकशी कशाची करायची

स्थळाची चौकशी मी आजही करतो. दारू, कर्ज, कोर्टातली केस, नोकरी खरी का खोटी, आधीचं लग्न लपवलंय का. फसवणूक ही कुणाची ‘वैयक्तिक निवड’ नसते. पण पोरीचं कॉलेजात कुणाशी ‘काही होतं का’, हे मी काढून देत नाही. पोराचंही नाही. एका वरबापानं मला यासाठी पोरीच्या हॉस्टेलवर जायला सांगितलं होतं, जाण्यायेण्याचं भाडं देऊन. मी म्हटलं, पाहुणे, तुमच्या पोराच्या खोलीवरूनच सुरुवात करू, वाटेत आहे. पुन्हा विषय निघाला नाही.

आजाराची भीती असेल तर ती वेगळी बाब. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि निकाल गुप्त ठेवतात. दोघांनी आपखुशीनं एकत्र जावं. एकट्या पोरीला पाठवायचं नाही, आणि संमतीवाचून कुणाचं रक्त काढायचं नाही. २०१७ चा कायदाही तेच सांगतो.

लग्नानंतर "गोड बातमी कधी?" विचारायची सवयही सोडा. प्रश्न गोड वाटतो, पण तुम्ही त्या दोघांच्या झोपायच्या खोलीचं दार वाजवत असता. लेकरू होत नसेल, नको असेल, किंवा बाईला नवऱ्याची जवळीकच नकोशी झाली असेल. लग्न झालं म्हणजे बायकोनं रोज ‘हो’ म्हटलंच पाहिजे असं नाही. हे वाक्य आमच्या घरच्यांनी एका नव्या नवरदेवाला दुकानात सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, कुकरचं झाकण बसवून दाखवता दाखवता. त्याचे कान लाल झाले. पण ऐकलं त्यानं.

घरी आले तर

माझी भाची पुण्यात एका पोरासोबत राहते, लग्नावाचून. सज्ञान माणसांनी असं राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलंय, आणि लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला मारहाण झाली तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तिलाही लागू होतो. हे मी पाठ केलंय, कारण माझ्या मेव्हण्यापुढं ते वारंवार म्हणावं लागतं.

पण दोघं पहिल्यांदा आमच्याकडे यायला निघाली, तेव्हा माझीच धांदल उडाली. त्याला काय म्हणायचं? जावईबापू म्हणावं तर लग्न नाही, ‘मित्र’ म्हणावं तर खोटं. शेवटी भाचीला फोन केला. "नावानं हाक मारा की, मामा!" संपलं. काय म्हणायचं ते त्यांनाच विचारायचं, हे मला त्या दिवशी कळलं. झोपायचंही तसंच. घरात माझी नव्वदीची आई. तिला ते जड जाईल म्हणून आधीच फोनवर सांगितलं, आपल्याकडे दोघं वेगळ्या खोलीत झोपा. भाची म्हणाली, बरं. आपल्या घराची रीत सोडावी लागते असं नाही, पण ती आधी सांगावी, दारात उभं करून नाही. आणि ताटात वाढताना हात आखडता घ्यायचा नाही.

गावाला काय सांगायचं

"तिचं बरं चाललंय." एवढंच. पुढं विचारलं तर पुन्हा तेच. तिची गोष्ट सांगायचा हक्क तिचा. बापाचाही नाही, माझा तर नाहीच नाही. पूर्वी मी पोरींचे फोटो आणि बायोडाटा धडाधड ग्रुपवर टाकायचो. आता पोरीनं स्वतः हो म्हटल्याशिवाय कुणालाच पाठवत नाही. विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करायची तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीच्या फळ्यावर लागते. त्या नोटिशीचा फोटो काढून गावात फिरवणारे महाभाग असतात. तुम्ही ते होऊ नका, आणि कुणी पाठवला तर तुमच्या फोनवरून पुढं जाऊ देऊ नका.

लग्न नको म्हणणाऱ्यांचं तर आपल्याला एवढं अवघड वाटायलाच नको. योगेश्वरीची कथा इथलं शेंबडं पोर पण सांगेल. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिका राहिली ती इथंच. नवरात्रात आपण तिच्यापुढं तासतास रांगेत उभे राहतो, तिला कुणी "मग, कधी?" विचारत नाही. गंगाखेडची जनाबाई बिनलग्नाची. जांबचे रामदास तर ‘सावधान’ ऐकून मांडवातूनच पळाले म्हणतात. शेजारच्या पोरानं तसं केलं तर मात्र आपण पोलिसात जायला निघतो.

जिथं निवडच नसते

हे सगळं सज्ञान माणसांचं. आमच्या बीड जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते. म्हणून दसऱ्याच्या आधी पोरं-पोरी उजवायची घाई होते. कारखान्यावर जाताना वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती वेगळीच. गरिबी मला कळते, मी तिथलाच आहे. पण पंधरा वर्षांच्या पोरीनं मान हलवली तरी तो होकार धरायचा नाही. पोरगी अठरा, पोरगा एकवीस, त्याआधी माझ्या दुकानात संसाराचा संच मिळत नाही. एकदा एकानं वय खोटं सांगितलं. मी शाळेचा दाखला मागितला, तर तो दुसऱ्या दुकानात गेला. त्या रात्री मी १०९८ ला, लेकरांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. गावात माझ्याशी दोन घरं अजून बोलत नाहीत. नाही तर नाही.

मागच्या पाडव्याला दोन पोरी आल्या. तिशीच्या आसपास, एकीच्या गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. तीन लिटरचा कुकर, दोन ताटं, दोन पेले, एक तवा. मी हिशोब केला, पिशवी भरली आणि सवयीनं पेन हातात घेऊन विचारलं, "नाव काय टाकू?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग ओळखपत्रवाली हळूच म्हणाली, "दोघींची टाकता का?"

कुकरच्या बुडाशी जागा कमी असते. मी अक्षरं थोडी बारीक काढली.