"मी स्नायपर होतो" म्हणणाऱ्याला कसं तपासायचं

सात रस्त्याला चहा पिताना कुणी "आर्मीत स्नायपर होतो बे" म्हणाला तर किती मारले विचारू नका, रायफल कुठली ते विचारा. आपल्याकडे वर्षानुवर्षं ड्रॅगुनोव्ह, ती सेमी-ऑटो (एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते, हातानं बोल्टचा दांडा ओढायला लागत नाही), १० गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे हा "दर गोळीला बोल्ट ओढायचो" म्हणाला की गडबड, पण थांबा, अलीकडची साको .३३८ रायफल बोल्टवालीच आहे, म्हणून नोकरीची सालं आधी काढून घ्या.

आकडे काय, यूट्यूबवर कुणीपण पाठ करतं. खरी मजा वाऱ्यात. ८०० मीटरवर आडवा वारा असला तर काय करायचा, झिरो (दुर्बिणीचा नेम ज्या अंतराला जुळवून ठेवतात ते) कितीवर ठेवायचा, स्पॉटर (शेजारी बसून निशाणा-वारा बघणारा जोडीदार) काय सांगायचा? खरा गडी यावर कंटाळा येईपर्यंत बोलतो, फेकू लगेच हेडशॉटवर उडी मारतो. पोस्टिंग कुठं होती ते मात्र खोदू नका.